पोट्टाची वारी, नाताळ आणि काकूंचे एकशे एक रुपये

आमच्या वसईत अजूनही लोक "पोट्टाला जाऊन आलो" असंच म्हणतात, खरं तर जातात ते मुरिंगूरला. केरळात चालकुडीजवळ पोट्टा, तिथे विन्सेन्शियन संघाच्या फादरांनी रिट्रीट (काही दिवसांचं प्रार्थना शिबिर) सुरू केली, गर्दी मावेना म्हणून १९९० मध्ये थोड्याच अंतरावर मुरिंगूरला नदीकाठी डिव्हाइन रिट्रीट सेंटर उभं राहिलं, पण तोंडात बसलेलं नाव बसलंच. आईचं कित्येक वर्षं चाललं होतं की गुडघे पूर्ण जायच्या आत एकदा पोट्टा दाखव, आणि मी दरवर्षी पुढच्या वर्षी म्हणत होतो. मागच्या डिसेंबरात शेवटी तिकीट काढलंच, तेसुद्धा नाताळचं. घरचा नाताळचा गोठा (येशूजन्माचा देखावा), कॅरल सिंगिंग, वाडीतली मंडळी सगळं सोडून नाताळला बाहेर जायचं म्हणजे आमच्याकडे जवळजवळ गुन्हाच.

निघायच्या आदल्या दिवशी शेजारच्या काकू आल्या. त्यांचा नातू तीन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. देवघरात ठेवलेली शंभराची नोट आणि एक रुपयाचं नाणं कागदात गुंडाळून त्यांनी आईच्या हातात दिलं, "तुमच्या देवापुढे एक मेणबत्ती लावा त्याच्या नावाने." नोटेच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लागलेलं. आईने ते पाकीट माझ्याकडे दिलं, कारण तिच्या पर्समध्ये इतर पैशात मिसळलं असतं. इथेच चूक झाली, पण ते पुढे.

ठाण्याहून नेत्रावती एक्सप्रेस, दुसऱ्या दिवशी दुपारी त्रिशूर. कोकण रेल्वेवर मी सगळ्यांसारखं खिडकीत बसून बोगदे मोजायला घेतले आणि सगळ्यांसारखाच मध्येच सोडून दिले. त्रिशूरहून चालकुडीकडे बस पकडली, कंडक्टरला पाचशेची नोट दिली तर तो मल्याळममध्ये असं काही बोलला की भाषा न येताही कळलं. मागे लोक खोळंबलेले, आई आधीच पुढे जाऊन बसलेली, मी खिशात हात घातला आणि हाताला लागलेली शंभराची नोट दिली. बस सुटल्यावर पाच मिनिटांनी डोक्यात ट्यूब पेटली. कागदात नुसता रुपया उरला होता. आईला सांगितलं नाही.

मुरिंगूरला आत शिरताच "प्रेज द लॉर्ड" सुरू होतं, गेटवर, जेवणाच्या रांगेत, संडासाच्या रांगेतसुद्धा. रविवार ते शुक्रवार अशी रिट्रीट चालते, एकेका भाषेचा वेगळा हॉल. पहाटे उठायचं, रोझरी, गाणी, प्रवचन, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), कुमसारला (फादरपुढे पापाची कबुली द्यायला) रांगा, संध्याकाळी आराधना. सेंटरच्या नावावरून रेल्वेने स्टेशनला डिव्हाइन नगर नाव दिलंय यावरून पसाऱ्याचा अंदाज करा. आवारात म्हातारे, मनोरुग्ण, एचआयव्ही असलेले, ज्यांना घरच्यांनी सोडलंय अशांची घरं आहेत. २०१८ च्या महापुरात चालकुडी नदी या सगळ्यात घुसली होती.

आता मूळ मुद्दा. मी इथे एक अढी घेऊन गेलो होतो. काही वर्षांपूर्वी आपल्याकडच्याच एका सेंटरला (नाव घेत नाही) हीलिंगची प्रार्थना संपली, लाइट मंद, बाया अजून हुंदके देतायत, आणि त्याच क्षणी स्वयंसेवक पाकिटं वाटत फिरायला लागले, नवीन हॉलच्या स्लॅबसाठी. माझ्या शेजारी बसलेल्या बाईने मंगळसूत्र सोडून जे काय होतं ते काढून दिलं, रडत रडत. स्लॅब लागतोच, मला मान्य आहे, गर्दी भिजून कशी चालेल, पण माणूस आतून मोकळा झालेला असताना त्याच्यापुढे हात पसरायचा, हे माझ्या घशाखाली उतरलं नाही ते नाहीच.

म्हणून इथे मी पहिल्या दिवसापासून पैशांवर डोळा ठेवून होतो, स्वतःच्या नव्हे. मिस्सासाठी इंटेन्शन (ती कुणासाठी, कशासाठी करायची ते, दानासकट) देतात त्या रांगेत उभा राहिलो तर पुढे पन्नास माणसं. कुणी मेलेल्या बापासाठी, कुणी नर्सिंगच्या परीक्षेसाठी, एकाला दुबईचा व्हिसा हवा होता. केरळात मिस्साला कुर्बाना म्हणतात, सीरियाक भाषेतला शब्द, आपण कुर्बानी म्हणतो त्याचंच मूळ. आणि देवाला बोललेलं दान म्हणजे नेर्च्चा, साध्या भाषेत नवसच. रांगेत मागे एक निवृत्त मास्तर होते, सेमिनरीत (फादर घडवतात त्या शाळेत) चार वर्षं काढून परत आलेले, इंग्रजी झकास. मी विचारलं, फादरला एका दिवसात इतक्या मिस्साचे पैसे मिळतात तर मजाच की. ते हसले आणि म्हणाले, १९८३ चा कॅनन लॉ (कॅथलिक चर्चच्या लॅटिन शाखेचा कायदा) बघ, ९५१ वं कलम. फादरने दिवसात कितीही मिस्सा केल्या तरी त्याला एकाच मिस्साचं दान स्वतःकडे ठेवता येतं, बाकीचं बिशप ठरवेल त्या कामाला द्यायचं. "अपवाद फक्त एक दिवस, ख्रिसमस," म्हणाले. नाताळला मध्यरात्रीची, पहाटेची आणि दिवसाची अशा तीन मिस्सा, म्हणून त्या दिवशी तिन्हींचं ठेवता येतं. म्हणजे चर्चने फादरलोकांना दिवाळीचा बोनस लिहून ठेवलाय! घरी आल्यावर शोधलं, खरंच आहे. त्याच्या आधीच ९४७ मध्ये असंही आहे की मिस्साच्या दानात धंद्याचा नुसता भाससुद्धा नको, आणि ९४५ मध्ये गरिबाने काही दिलं नाही तरी त्याच्यासाठी मिस्सा करावी. हे कलम आमच्याकडे कुणी कधी प्रवचनात सांगितल्याचं आठवत नाही.

पुढे आणखी गंमत. कॅनडातल्या मावसभावाने फोनवर सांगितलेलं की माझ्या नावाने चांगली रक्कम दे, मी इंडियन अकाउंटवरून पाठवतो. देणगीच्या खिडकीतल्या बाईंनी रक्कम विचारलीच नाही, पहिला प्रश्न, पासपोर्ट कुठला? म्हटलं, आता कॅनडाचाच. त्यांनी क्यूआरचं कार्ड हाताने झाकलं. भारतीय पासपोर्टवाला परदेशातून स्वतःच्या कमाईतून बँकेने पैसे पाठवतो ते चालतं, पण नागरिकत्व बदललं की तो पैसा परदेशी, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असलं तरी, आणि त्याला एफसीआरएचं (परदेशी देणगीच्या कायद्याचं) वेगळं खातं, तेही दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत. या लोकांना ही भीती का आहे ते समजू शकतो. मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीचं एफसीआरए नूतनीकरण नाकारलं गेलं तो दिवस २५ डिसेंबर २०२१ होता, ऐन नाताळ. ७ जानेवारी २०२२ ला परत मिळालं ही गोष्ट वेगळी. भावाला फोन केला तर म्हणाला, "अरे मी वसईचाच आहे ना!" त्याला म्हटलं, ते तू दिल्लीला सांग.

चोवीस तारखेला दुपारी आम्ही म्हाताऱ्यांच्या घरात गेलो. बांबूच्या काड्यांचा गोठा, त्याला तिथे पुल्क्कूड म्हणतात, गवताचं खोपटं, आणि दारात कागदी तारा. एक आजोबा आईजवळ आले आणि चक्क मराठीत म्हणाले, "दादरहून आलात का?" कुठले, इथवर कसे पोचले, काही सांगता येईना त्यांना. दादर, दादर एवढंच. आईने त्यांना आमच्याकडच्या फुगेवाल्या डब्यातले दोन फुगे दिले (नाताळचा तळलेला पदार्थ, लहान मुलांच्या फुग्यांशी संबंध नाही) आणि बाहेर आल्यावर मला म्हणाली, "काकूंचे पैसे इथेच टाकूया. मेणबत्ती वितळून जाईल."

आली का पंचाईत. मी पाकिटातून दुसरी शंभराची कोरी नोट काढली, त्यात तो रुपया ठेवला, आणि दिलं. आईने कागद उघडला, नोट उलटीपालटी केली. "कुंकू कुठंय?" मी गप्प. दानपेटीपाशी उभं राहून ऐकलेल्या शिव्या मी लिहीत नाही, पण शेवट असा की मी स्वतःचे एक हजार एक टाकायचे, आणि कुमसारला जायचं. रांग दीड तासाची होती. हिंदी येणारा मल्याळी फादर मिळाला, सगळं ऐकून म्हणाला, बस पोचली ना वेळेवर? एवढंच. प्रायश्चित्त तीन हेल मेरी, म्हणजे मरियेची छोटी प्रार्थना तीनदा.

मध्यरात्री मोठ्या हॉलच्या मिस्साला आईला बसायला जागा मिळाली, मी भिंतीला टेकून उभा. दानाची पिशवी फिरली, कुणी माइकवर काही मागितलं नाही, गाणं चालू होतं. पुढच्या माणसाने दहाची नोट चार घड्या करून टाकली, कुणाला दिसू नये अशी. मी त्याच्याकडे बघतोय हे त्याला दिसलं आणि तोच ओशाळला. मला वाईट वाटलं, आठवडाभर मी हेच तर करत होतो, लोकांच्या नोटा बघत.

सकाळी अप्पम आणि स्ट्यू. तिकडचे बरेच लोक १ डिसेंबरपासून नाताळपर्यंत मांसमच्छी सोडतात, त्यामुळे त्या दिवशी मटणावर जी झडप पडली ती बघण्यासारखी होती.

घरी आल्यावर काकू दारातच उभ्या. "लावलीत ना?" आई म्हणाली, "लावली हो," आणि माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. बरोबर आणलेला प्लम केक तिने काकूंना दिला. काकूंनी तो न खाता सरळ देवघरात गणपतीपुढे ठेवला, नातवाच्या नावाने, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी मुंग्या लागल्या तेव्हा कुठे सगळ्यांना एकेक तुकडा मिळाला.