एप्रिलमधला बेसबॉल: ॲमहर्स्ट, पिट्सफील्ड, विल्यम्सटाउन

बोस्टनला मुलांकडे किंवा नातेवाइकांकडे आलेली मराठी मंडळी बेसबॉल बघायला म्हणून फेनवे पार्क या मोठ्या स्टेडियमला जातात. जरूर जावं. पण खेळ बघायचाच नव्हे तर कळायलाही हवा असेल, तर मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात ॲमहर्स्ट आणि विल्यम्स अशी दोन छोटी कॉलेजं आहेत, तिथे जावं. तिकीट नाही, रांग नाही, आणि चेंडू कॅचरच्या, म्हणजे बॅटरमागे बसणाऱ्या खेळाडूच्या, ग्लव्हमध्ये आपटल्याचा आवाज कानावर येईल इतकं जवळ बसता येतं. अमेरिकेतला पहिला आंतरमहाविद्यालयीन बेसबॉल सामना याच दोघांत झाला, १ जुलै १८५९ रोजी. आम्ही ही फेरी गाडीने आणि एप्रिलमध्येच करतो. कारण पुढे येईलच.

ही लिबरल आर्ट्स कॉलेजं. म्हणजे मुख्यतः पदवीचं शिक्षण आणि दोन हजारांच्या आसपास विद्यार्थी. अर्थशास्त्र शिकणारी मुलगी भौतिकशास्त्राचाही वर्ग करते. विल्यम्स १७९३ चं. ॲमहर्स्ट १८२१ चं, आणि ते सुरू झालं तेच विल्यम्सचे अध्यक्ष काही विद्यार्थी घेऊन बाहेर पडले म्हणून. दोघांतली चुरस अशी घरच्या वाटणीपासूनची आहे. दोन्ही संघ एनसीएए या महाविद्यालयीन खेळ चालवणाऱ्या संस्थेच्या तिसऱ्या विभागात, नेस्कॅक नावाच्या परिषदेत खेळतात. परिषदेत ११ कॉलेजं आहेत, त्यांतल्या कनेक्टिकट कॉलेजला बेसबॉलचा संघ नाही, म्हणून या खेळात दहाच. तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. समोर पिचिंग करणारा, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा, पोरगा सोमवारी प्रयोगशाळेचा अहवाल देणार असतो, आणि म्हणूनच महत्त्वाचे सामने शनिवार-रविवारकडे ढकललेले असतात.

हंगाम विचित्र असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये इथे बर्फ, त्यामुळे सुरुवातीचे सामने खेळायला संघ दक्षिणेकडच्या उबदार राज्यांत जातात. घरच्या मैदानावरचे सामने साधारण मार्चअखेर सुरू होऊन मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत संपतात. बघणाऱ्याच्या हातात एप्रिल उरतो, आणि न्यू इंग्लंडचा एप्रिल भरवशाचा नाही. वेळापत्रक कॉलेजच्या क्रीडाविभागाच्या संकेतस्थळावर असतं. ते आदल्या संध्याकाळी बघा आणि निघायच्या सकाळी पुन्हा बघा. पाऊस झाला की सामना दुसऱ्या दिवशी जातो, कधी कृत्रिम गवताच्या मैदानावर म्हणजे पार दुसऱ्या गावात जातो, तर कधी दोन दिवसांचे सामने एकाच दिवशी लागतात. मुक्कामाचं आरक्षण करताना रद्द करता येईल असंच करा. नकाशात कॉलेजचं नाव टाकलं तर गाडी प्रवेश-कार्यालयाच्या दारात नेऊन सोडते. मैदानाचं नाव टाका. ॲमहर्स्टला मेमोरियल फील्ड, विल्यम्सला बॉबी कूम्ब्स फील्ड. कूम्ब्स हे मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, खेळलेले पिचर, पुढे विल्यम्सचे प्रशिक्षक झाले.

बोस्टनहून ॲमहर्स्ट साधारण ९० मैल, म्हणजे १४५ किलोमीटर. मॅसॅच्युसेट्स टर्नपाइकवरून पामरला उतरायचं आणि बेल्चरटाउनमार्गे रूट ९ धरायचा. पावणेदोन-दोन तास लागतात. गाडी नसेल तर ॲमट्रॅकची व्हरमाँटर रेल्वे (बोस्टनहून नव्हे, न्यूयॉर्ककडून येणारी) नॉर्थॅम्प्टनला थांबते, तिथून ॲमहर्स्टला स्थानिक बस मिळते. मात्र पुढची पूर्ण फेरी बसने करायची म्हटली तर अर्धा वेळ थांब्यांवरच जातो.

मेमोरियल फील्डवर बसलं की दक्षिणेला होलिओक डोंगररांग दिसते. बसायची जागा ठरलेली: बॅटरच्या मागच्या जाळीपाठी, किंचित एका बाजूला. जाळीमागून चेंडू कसा वळतो, कसा पडतो ते दिसतं. पहिल्या किंवा तिसऱ्या बेसच्या (बेस म्हणजे धावणाऱ्याने गाठायचे टप्पे) बाजूने फक्त वेग कळतो. जाळी नसलेल्या बाजूला बसलात तर चेंडू टाकला जात असताना फोनमध्ये मान घालू नका. उजव्या हाताच्या बॅटरला जोरकस चेंडूवर उशीर झाला की फाउल, म्हणजे रेषेबाहेर गेलेला फटका, सरळ पहिल्या बेसच्या बाजूच्या प्रेक्षकांत येतो. चेंडू ५ ते ५¼ औंसांचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूहून थोडासाच हलका. हाताने झेलायच्या फंदात पडू नका.

थंडीचा परिणाम खेळावर कसा होतो, हे मोठ्या स्टेडियमपेक्षा इथे जास्त स्वच्छ कळतं. कोरड्या गार हवेत चेंडूचं कातडं गुळगुळीत लागतं, शिवणीवर बोट ठरत नाही, मग वळणारा चेंडू न वळता मधोमध लटकतो किंवा कॅचरच्या डोक्यावरून जातो. बॅटरचीही गत फार बरी नसते. कॉलेजच्या खेळात धातूची बॅट चालते, आणि चेंडू बॅटच्या नेमक्या जागेऐवजी दांड्याकडे किंवा टोकाला लागला तर हाताला झिणझिण्या येतात. दोनदा तसं झालं की बॅटर घाबरत फिरवतो. या बॅटींवर २०११ पासून बीबीकॉर हा नियम आहे, चेंडू उसळवण्याची क्षमता लाकडाच्या जवळपास ठेवणारा. शिवाय गार हवा घट्ट असते. जूनमध्ये कुंपणापार जाईल असा फटका एप्रिलमध्ये सेंटर फील्डर आरामात टिपतो. तो झेल सोपा दिसला तरी बॅटरला दोष देऊ नका.

मातीचंही तसंच. रात्री गोठलेली, दुपारी सुटलेली इनफिल्डची, म्हणजे बेसांमधल्या भागाची, माती वर मऊ आणि खाली कडक असते, आणि शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमध्ये उभ्या क्षेत्ररक्षकाकडे, सरळ आलेला चेंडू शेवटच्या टप्प्याला अचानक छातीवर उठतो. पाऊस थांबल्यावर मैदान तयार करायला तासभर सहज जातो: आच्छादन ओढायचं, साचलेलं पाणी काढायचं, भाजलेल्या मातीचे बारीक दाणे पसरायचे, ते पाणी पितात, मग दाताळ्याने सारखं करायचं. या स्तरावर दाताळं हातात घेतलेले बरेचदा खेळाडूच असतात. विजेचा नियम कडक आहे: शेवटची वीज किंवा गडगडाट झाल्यापासून ३० मिनिटं खेळ बंद, आणि मध्ये पुन्हा कडकडलं की घड्याळ शून्यापासून. तेवढ्यात गावात जाऊन कॉफी पिऊन येणं शक्य आहे.

सामन्यांची जात ओळखून जा. मालिका सहसा तीन सामन्यांची असते, आणि त्यांतले दोन एकाच दिवशी, पाठोपाठ. त्याला डबलहेडर म्हणतात. त्यातला एखादा ९ ऐवजी ७ इनिंगचा असू शकतो (इनिंग म्हणजे दोन्ही संघांची बॅटिंगची एकेक पाळी). पहिल्या सामन्याला प्रशिक्षक आपला सर्वोत्तम पिचर काढतो. तिसऱ्यापर्यंत येता येता ताजे हात संपतात, नवखे पिचर येतात, चार चेंडू बाहेर टाकून फलंदाजांना फुकट पहिला बेस देतात आणि धावा धो-धो होतात. पिचिंग बघायचं असेल तर पहिला सामना, गोंधळ आणि गंमत हवी तर शेवटचा. वेळ एकाचीच असेल तर मी डोळे मिटून पहिला निवडेन.

वही-पेन्सिल नेलीच पाहिजे. इथले धावफलक जेमतेम धावा आणि बाद सांगतात. कोणी काय केलं ते तुम्हीच लिहायचं. प्रत्येक जागेला आकडा असतो: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, मग लेफ्ट, सेंटर, राइट फील्ड ७, ८, ९. शॉर्टस्टॉप सहा आणि तिसरा बेस पाच, इथे नवख्याचा हमखास घोळ होतो. प्रत्येक बॅटरसाठी चौकोनात एक छोटा शंकरपाळा काढायचा आणि तो जितके बेस जाईल तितक्या बाजू गडद करायच्या. शॉर्टस्टॉपने उचललेला चेंडू दुसऱ्या बेसवर आणि तिथून पहिल्यावर जाऊन दोघं बाद झाले तर ६-४-३. सेंटर फील्डरने झेल घेतला तर ८. स्ट्राइकआउटला, म्हणजे तीन स्ट्राइकवर बॅटर बाद झाला तर, के हे इंग्रजी अक्षर. बॅटर न फिरवता बघतच राहिला असेल तर तेच अक्षर उलटं. तीन इनिंग लिहिल्या की कोणता बॅटर बाहेरच्या चेंडूला भुलतो ते वहीच सांगू लागते.

ॲमहर्स्टच्या संघाला मोठी शाळाच म्हणावी लागेल. बिल थर्स्टन हे १९६६ ते २००९ इतकी वर्षं इथे प्रशिक्षक होते आणि एनसीएएच्या बेसबॉल नियमांचं संपादनही त्यांनी दीर्घकाळ सांभाळलं. डॅन ड्युकेट, नील हंटिंग्टन आणि बेन चेरिंग्टन हे मेजर लीग संघांचे तीन सरव्यवस्थापक याच कॉलेजचे; चेरिंग्टन हे २०१३ मध्ये जागतिक मालिका जिंकणाऱ्या बोस्टन रेड सॉक्सचे. विल्यम्सने त्याला उत्तर म्हणून न्यूयॉर्क यँकीजचे मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर आणि बेसबॉलचे आयुक्त फे व्हिन्सेंट दिले. दोन हजार मुलांच्या कॉलेजांनी एवढी माणसं द्यावीत, हे थोडं जास्तच झालं.

ॲमहर्स्टच्या संघाचं नाव पूर्वी लॉर्ड जेफ होतं, जेफरी ॲमहर्स्ट या ब्रिटिश सेनापतीवरून. मूळ रहिवाशांमध्ये देवीची साथ पसरवण्याच्या कल्पनेला त्याने पत्रांतून दुजोरा दिला होता. ते नाव २०१६ मध्ये टाकून दिलं आणि २०१७ पासून मॅमथ्स आलं. तो मॅमथ, म्हणजे हत्तीचा नामशेष भाऊबंद, कॉलेजच्या बेनेस्की संग्रहालयात सांगाड्याच्या रूपात उभा आहे, प्रवेश फुकट, सामन्याआधी तासभर पुरतो. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात १८२३ ते १८२८ चा गव्हर्नर जनरल म्हणून येणारा लॉर्ड ॲमहर्स्ट तो याच जेफरीचा पुतण्या.

दुसऱ्या दिवशी रूट ९ ने पश्चिमेला. नॉर्थॅम्प्टन, कमिंग्टन, विंडसर असा चढ चढत डाल्टनला उतरायचं, जिथल्या क्रेन कंपनीच्या गिरणीत डॉलरच्या नोटांचा कागद बनतो, आणि मग पिट्सफील्ड. सव्वा ते दीड तास. विंडसरच्या चढावर एप्रिलमध्येही बर्फ पडू शकतो. सकाळी लवकर निघू नका.

१८५९ चा सामना पिट्सफील्डला झाला कारण हे गाव दोघांनाही तिऱ्हाईत. जागा मेपलवूडच्या मुलींच्या विद्यालयाजवळची. मेपलवूड ॲव्हेन्यू या रस्त्याच्या नावात ती उरली आहे. ॲमहर्स्ट ७३, विल्यम्स ३२. आकडे फुगलेले वाटतात, कारण नियम मॅसॅच्युसेट्स पद्धतीचे होते. प्रत्येक बाजूला १३ खेळाडू. बेस म्हणजे जमिनीत ठोकलेले, चार फूट वर आलेले खुंट, एकमेकांपासून ६० फुटांवर. आज ९० फूट असतं. फाउल नावाची गोष्ट नाही, क्रिकेटसारखा चेंडू मागेही मारता येई. एक बाद झाला की त्या बाजूची अख्खी पाळी संपली. आणि धावणाऱ्याला आबाधुबीसारखा चेंडू फेकून मारून बाद करायचं. म्हणून चेंडूही जेमतेम दोन ते पावणेतीन औंसांचा. एखादी बाजू ६५ धावा पार करेपर्यंत खेळायचं ठरलं होतं, सामना साडेतीनेक तास चालला. दुसऱ्या दिवशी याच दोन कॉलेजांत बुद्धिबळ झालं, तेही ॲमहर्स्टने जिंकलं. विल्यम्सवाल्यांसमोर हा विषय काढताना जपून.

पिट्सफील्डच्या बर्कशायर ॲथेनियम या सार्वजनिक ग्रंथालयाकडे १७९१ चा गावठराव आहे: नव्या सभागृहाच्या खिडक्या फुटू नयेत म्हणून त्याच्या ८० यार्डांत चेंडूचे खेळ बंद. बंदी घातलेल्या खेळांच्या यादीत बेसबॉल आहे, आणि क्रिकेटसुद्धा. २००४ मध्ये तो उजेडात आला. मूळ कागद बघायचा असेल तर आधी ग्रंथालयाला विचारा. गावातलं वाकोना पार्क हे जुनं मैदान बांधताना बॅटरचं तोंड पश्चिमेकडे ठेवलं गेलं, त्यामुळे संध्याकाळी सूर्य मावळेपर्यंत सामना थांबवायची तिथे रीतच पडली. जुना ग्रँडस्टँड २०२२ मध्ये असुरक्षित ठरून बंद झाला. आत जाता येतंय का ते चौकशी करूनच वाट वाकडी करा.

पिट्सफील्डहून रूट ७ ने उत्तरेला वीसेक मैलांवर विल्यम्सटाउन, विल्यम्स कॉलेजचं गाव. राज्यातलं सर्वांत उंच शिखर, ३,४९१ फुटांचं ग्रेलॉक, वाटेत उजव्या हाताला राहतं. इथे वसंत ॲमहर्स्टपेक्षा उशिरा येतो, हे कपड्यांत धरा. ॲल्युमिनियमच्या बाकांवर दोन तास बसायचं तर खाली घडी घातलेलं पांघरूण हवंच. कोट असूनही माणूस गारठतो तो बाकामुळे. मेमध्ये जाणार असाल तर उंच गवतात शिरू नका, गोचिड्या असतात.

कॉलेजच्या मिशन पार्कमध्ये संगमरवरी पृथ्वीगोल असलेला एक स्तंभ आहे, हेस्टॅक मॉन्युमेंट. १८०६ मध्ये पावसातून वाचायला गवताच्या गंजीआड बसलेल्या विल्यम्सच्या पाच विद्यार्थ्यांनी परदेशी धर्मप्रसाराचा विचार केला, त्यातून १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही परदेशी मिशनरी पाठवणारी संस्था उभी राहिली. विल्यम्सचाच १८०८ चा पदवीधर गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरला. पुढची अमेरिकन मराठी मिशन, तिचा छापखाना, नगरच्या शाळा आणि १८४२ चं ‘ज्ञानोदय’ ही सगळी त्याच धाग्याची. मराठी माणसाने विल्यम्सटाउनपर्यंत येऊन हा स्तंभ चुकवू नये.

परतीला रूट २ धरा. नॉर्थ ॲडम्स सोडल्यावर घाटात एक अगदी चिमट्यासारखं वळण येतं, तिथे वेग कमी ठेवा. पुढे शेलबर्न फॉल्स आणि ग्रीनफिल्ड. पेट्रोल नॉर्थ ॲडम्सलाच भरा, डोंगरात पंप विरळ आहेत. दुसरा सामना लांबला तर हा घाट अंधारात उतरावा लागतो, आणि हरणं रस्त्यावर येतात. अशा वेळी शेवटच्या दोन इनिंग सोडून निघालेलं बरं, निकाल संकेतस्थळावर कळतोच.