तीन बंब आणि एक तालुका

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या पट्ट्यात आज तीन बंब आहेत : एक नगरपरिषदेचा आणि दोन नगरपंचायतींचे. तिन्ही तालुक्याच्या गावी आणून तेथे एकच सुसज्ज अग्निशमन केंद्र उभारावे, असा प्रस्ताव सध्या चर्चेत आहे, आणि पाणीपुरवठ्याच्या कामातून निवृत्त झालेला अभियंता म्हणून त्याचा कच्चा मसुदा वाचून अभिप्राय देण्याचे काम माझ्याकडे आले. प्रस्तावाच्या हेतूशी माझा वाद नाही; परंतु काय एकत्र करायचे आणि काय मुळीच करायचे नाही, याची त्यात गल्लत झाली आहे, असे माझे मत झाले.

आजची व्यवस्था टिकवण्यासारखी नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. एका गावी गाडी आहे, पण रात्रपाळीला चालक नाही; दुसऱ्या गावी प्रशिक्षण घेतलेले फायरमन आहेत, पण गाडी ढकलल्याशिवाय सुरू होत नाही; तिसऱ्या गावची गाडी कागदावरच संपली आहे, कारण केंद्राच्या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांपेक्षा जुन्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही आणि स्थानिक स्वराज्य संस्थांची वाहनेही त्यातच येतात. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या कामांमध्ये नोंदलेली आहे. पंचायतींसाठी असलेल्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत मात्र ती नाही. त्यामुळे शहराची हद्द ओलांडली की आग कोणाची, हा प्रश्न आमच्याकडे दर उन्हाळ्यात नव्याने विचारला जातो. (देशाचे राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५७ पासून नागपुरात, म्हणजे आमच्याच विदर्भात आहे, ही गोष्ट मी बैठकीत दोनदा सांगितली, दोन्ही वेळा लोक नुसते हसले.)

स्थायी अग्निशमन सल्लागार समितीचा दंडक असा आहे की पहिली गाडी शहरात ५ ते ७ मिनिटांत आणि ग्रामीण भागात २० मिनिटांत पोहोचली पाहिजे. निरोप घेऊन गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत दोन मिनिटे धरली, तर उरतात १८. पाण्याने भरलेला बंब आमच्या रस्त्यांवर सरासरी ताशी ४० किलोमीटरने धावला, तरी तेवढ्यात १२ किलोमीटरच्या पुढे जात नाही. मसुदा तयार करणाऱ्यांनी नकाशावर कंपासने वर्तुळ काढले होते. वर्तुळाला नाला दिसत नाही आणि पूल कुठे आहे हेही कळत नाही. मी रस्त्याचे अंतर मोजत गेलो तेव्हा वर्तुळातली कित्येक गावे बाहेर पडली. तिन्ही बंब एका छताखाली गेले, तर तालुक्याच्या टोकाची गावे आज आहेत त्याहूनही दूर जातील.

नोंदवही पाहून खरा वेळ काढावा म्हटले, तर ‘निघाली’ आणि ‘पोहोचली’ या रकान्यांत सगळे आकडे गुळगुळीत : दहा, साडेदहा, अकरा. सात वाजून तेवीस मिनिटे अशी एकही नोंद मला सापडली नाही.

आमच्याकडच्या आगीही नीट ओळखून घ्यायला हव्यात. चैत्र-वैशाखात धुरे, म्हणजे शेताचे बांध, जाळताना ठिणगी उडते आणि पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे), तुराट्या, कुटार (भुसा) यांचे ढीग पेटवत आग कोठ्यापर्यंत येते (गोठ्याला आम्ही कोठा म्हणतो). गावकरी आधी दावी कापतात, मग घागरी-बादल्या घेऊन रांग लावतात, आणि बंब येतो तोवर बहुधा विझवायचे काही उरलेले नसते. कापसाची आग याच्या उलट असते. कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणाचा थर असल्याने पाणी वरूनच ओघळते आणि १७० किलोची गाठ आतल्या आत धुमसत राहते. तेथे फोम लागतो, गाठी ओढून फोडायला माणसे लागतात आणि पाणी तासन्‌तास लागते.

पाण्याबद्दल मसुद्यात एक ओळ आहे : ‘स्थानिक स्रोतांतून उपलब्ध करून घ्यावे.’ ४,५०० लिटरचा बंब एका नळीने मिनिटाला ४०० लिटर पाणी सोडू लागला, तर साधारण ११ मिनिटांत रिकामा होतो. त्यानंतर विहिरीवरचा पंप चालू करावा, तर शेतीच्या फीडरवर (वीजवाहिनीवर) नेमकी त्या वेळी पंपाला लागणारी थ्री-फेज वीज नसते. शेततळ्यांना एप्रिलमध्ये तळ लागलेला असतो. गावात भरवशाचे पाणी असते ते उंच टाकीत, आणि ते विजेशिवाय नुसत्या उताराने खाली येते. टाकीच्या बुडाशी एक व्हॉल्व्ह आणि बंबाच्या नळीला बसणारी ६३ मिलिमीटरची जोडणी दिली, की काम भागते. मी नोकरीत इतक्या टाक्या उभ्या केल्या, पण एकीलाही अशी तोटी ठेवली नाही. कोणी मागितली नाही आणि मलाही सुचली नाही. या कामाचा खर्च नव्या गाडीच्या किमतीपुढे किरकोळ आहे, तरी प्रस्तावात ते नाही.

पैसा अगदीच नाही असे नाही. १५ व्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्राने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना आणली आणि महाराष्ट्रासारख्या राज्यांचा वाटा त्यात २५ टक्के ठेवला. पण अशा निधीतून गाड्या आणि इमारती उभ्या राहतात. दरमहा पगार कोणी द्यायचा, यावर आमच्या बैठकीत शांतता पसरते.

माझा अभिप्राय म्हणून मी एवढेच लिहिले : नियंत्रण कक्ष एक असावा, हजेरीपट एक असावा, मेकॅनिक आणि प्रशिक्षण एक असावे, म्हणजे एका गावचा फायरमन दुसऱ्या गावच्या गाडीवर जाऊ शकेल, मोठी गाडी तालुक्याच्या गावी ठेवावी, दुसरी गाडी कापसाच्या जिनिंग कारखान्यांच्या बाजूला ठेवावी आणि बाद झालेल्या गाडीच्या जागी लहान, अरुंद पांदणीतून (शेतवाटेतून) जाईल अशी गाडी घेऊन ती टोकाच्या नगरपंचायतीतच राहू द्यावी.

पुढच्या बैठकीपूर्वी, भर दुपारी दोन वाजता, भरलेला बंब सर्वांत दूरच्या गावापर्यंत नेऊन घड्याळ लावावे, असे मी सुचवले आणि मुख्याधिकाऱ्यांनी होकारही दिला. चालकाला सांगायला गेलो, तर त्याने किल्ली हातात फिरवत विचारले, “नेतो ना साहेब, पन हद्दीबाहेरचं डिझेल कोनाच्या खात्यावर टाकू?” त्याचे उत्तर अजून यायचे आहे.