दीड तासाचं नागपूर

"विमान दीड तासाचं ना? मग तू पहाटे निघते अन् जेवायच्या वेळी काहून पोचते?" आईने लाटणं न थांबवता विचारलं.

प्रश्न रास्त होता. मुंबई ते नागपूर हवाई अंतर साधारण 680 किलोमीटर. वर गेल्यावर विमान ताशी 800 किलोमीटरने पळतं, म्हणजे खरं तर पाऊण-एक तासाचं काम. तिकिटावर मात्र दीड तास. कारण तिकिटावरचं घड्याळ विमान जागेवरून हलतं तेव्हा सुरू होतं आणि उतरून पुन्हा जागेवर उभं राहिलं की थांबतं. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. मग आपलं विमान रांगेत उभं राहतं, रेशनच्या दुकानासमोर पिशवी घेऊन उभं राहावं तसं.

आणि माझा प्रवास तर डोंबिवलीत सुरू होतो. सव्वानऊच्या विमानासाठी पावणेसहाला घर सोडायचं. टॅक्सी, चेक-इन, पट्टा-चपला काढून तपासणी, मग गेटपाशी बसून महागाचा चहा. नागपूरला उतरल्यावर त्यातल्या त्यात सुख. विमानतळ सोनेगावला, आमचं घर प्रतापनगरात. साडेअकराला मी दारात.

बाबांनी कागदावर भागाकार केला. ते पोस्टातून निवृत्त झालेले, हिशेब तोंडी करणं त्यांना पटत नाही. 680 भागिले पावणेसहा. "ताशी 118," ते म्हणाले. "समृद्धीवर कारला 120 ची परवानगी आहे." म्हणजे मी एवढे पैसे मोजून, ढगांच्या वरून, कारच्याच वेगाने आले होते.

विमान म्हटलं की बाबांना मात्र वेगळंच आठवतं. 1949 मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, चारही ठिकाणांहून विमानं रात्री निघायची, मध्यरात्री नागपुरात जमायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. बाबा हे असं सांगतात की जणू थैल्या त्यांनीच उचलल्या! पण नागपूर मधोमध असण्याचा इतका सरळ उपयोग मला दुसरा माहीत नाही. त्या पत्रांना तपासणीत चपलाही काढाव्या लागत नसत.

जाताना आणि येताना वेळही सारखी लागत नाही. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून येतो, तो नागपूरकडे जाताना विमानाला मागून ढकलतो. परतताना तोच समोरून. माहेरी जाताना लवकर पोचतो असं वाटायचं, ते निदान थंडीत तरी अगदीच मनाचे खेळ नव्हते.

आणखी एक अंतर आहे, ते तिकिटावर नसतं. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सहा रेखांशांहून थोडं जास्त. एका रेखांशाला सूर्याची चार मिनिटं, म्हणजे एकूण साधारण 25. घड्याळ दोन्हीकडे एकच, संध्याकाळ मात्र आधी तिकडे होते. आई देवापाशी दिवा लावून फोन करते. "दिवा लावला का गं?"

माझ्या खिडकीत अजून ऊन असतं. "लावते," मी म्हणते.