नागिणीची दोन तोंडे

गेल्या महिन्यात दवाखान्यात आलेल्या एका आजींनी पदर सारून कंबर दाखवली, तेव्हा पाठीच्या कण्यापासून उजव्या कुशीपर्यंत गेरूचा वाळून भेगाळलेला लेप होता आणि त्याच्या कडेने पाण्याने टच्च भरलेले फोड डोकावत होते. मी काही बोलण्याआधीच त्यांनी विचारले, "डॉक्टर, हिची तोंडं जुळली नाहीत ना?"

केसपेपरवर मी 'हर्पिस झोस्टर' असे लिहिले. बोलताना मात्र 'नागीण'च म्हणालो. एकदा एका रुग्णाला नुसते 'हर्पिस' सांगितले होते. त्याच्या मुलाने मोबाइलवर शोध घेतला, गुप्तरोगाची माहिती वाचली आणि घरात दोन दिवस अबोला धरला. गुप्तरोगाचा तो विषाणू नागिणीच्या विषाणूच्याच कुळातला असला तरी वेगळा असतो, हे समजावताना माझी पुरेवाट झाली.

शिवाय 'नागीण' हा शब्द वाटतो तितका अडाणी नाही. ग्रीक भाषेत 'हर्पिस'च्या मुळाशी सरपटणे हाच अर्थ आहे. संस्कृतातल्या 'स'च्या जागी ग्रीकमध्ये पुष्कळदा 'ह' येतो, जसे सप्तचे हेप्टा. त्याच नात्याने हा शब्द 'सृप्' धातूचा, म्हणजे आपल्या 'सर्पा'चा, भाऊबंद ठरतो. आयुर्वेदातला 'विसर्प'ही याच धातूचा. झोस्टर म्हणजे कमरपट्टा.

दोन तोंडे जुळली की माणूस दगावतो, ही समजूत मात्र निराधार आहे. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत दडून बसतो आणि उतारवयात किंवा प्रतिकारशक्ती घटल्यावर जागा होऊन बहुधा एकाच बाजूच्या एका मज्जातंतूच्या पट्ट्यात उतरतो. तो पट्टा शरीराच्या मध्यरेषेशी संपत असल्याने वेढा सहसा पुरा होतच नाही. नागीण 'अडवल्या'चे श्रेय मांत्रिक घेतो, ते खरे तर मज्जातंतूंच्या रचनेचे आहे.

या समजुतीपायी वाया जातो तो वेळ. असायक्लोविरसारख्या गोळ्या पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू केल्या, तर त्यांचा उपयोग सर्वाधिक होतो. कित्येकांना फोड सुकल्यावरही त्या जागी महिनोन्‌महिने आग होत राहते आणि तिथे कपड्याचा स्पर्शही सोसत नाही. नागीण डोळ्याजवळ उठली तर दृष्टीलाच धोका असतो.

आजींना नवे फोड अजून येत होते, म्हणून मी गोळ्या सुरू केल्या आणि गेरू धुऊन काढायला सांगितले. त्या आल्या तो पाचवा दिवस होता. आधीचे चार दिवस गावातल्या जाणत्याकडे नागीण उतरवण्यात गेले होते.