साबुदाण्याएवढी अंडी
१० जुलै, पुणे

आज सकाळी गोगलगायीच्या पेटीतील कोकोपीट बदलायला घेतले आणि कोपऱ्यात, बोटाच्या दोन पेरांएवढ्या खोलीवर, अंड्यांचा पुंजका हाताला लागला. फिकट पिवळसर, साबुदाण्याएवढी, ओलाव्याने एकमेकांना चिकटलेली. चमच्याने अलगद उचलून मोजली, तेव्हा १४३ भरली.

लेकीने ही शंखी गोगलगाय गेल्या ऑक्टोबरात, परतीच्या पावसात, सोसायटीच्या भिंतीवरून उचलून आणली होती. हिवाळ्यात कवचाच्या तोंडावर पांढरट पापुद्रा धरून ती कित्येक आठवडे निजली, मग कोमट पाण्याच्या फवाऱ्याने जागी झाली. पण या सगळ्या काळात तिच्या पेटीत दुसरी गोगलगाय कधीच नव्हती. "मग ही आई कशी झाली?" हा लेकीचा प्रश्न रास्तच होता. प्रत्येक शंखी गोगलगाय नर आणि मादी दोन्ही असते, आणि एकदा जोडी जमली की दुसरीकडून मिळालेले बीज अंगात कित्येक महिने जपून ठेवते, एवढे मी तिला सांगितले.

अंडी हाती आल्यावर मला पहिली आठवण झाली ती दादाची. आमचे शेत लातूर जिल्ह्यात आहे. २०२२ च्या खरिपात तिथे आणि बीड, धाराशिवकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे रातोरात फस्त केली होती. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे बांधावर अंथरून, पहाटे त्यांखाली जमलेल्या गोगलगायी दादाने बादल्या भरभरून वेचल्या, तरी त्याला दुबार पेरणी करावीच लागली. हा प्राणी मुळात आपला नव्हेच. पूर्व आफ्रिकेतून मॉरिशसमार्गे १८४७ मध्ये तो कोलकात्यात आणून सोडला गेला आणि तिथून देशभर पसरला. संध्याकाळी फोनवर दादा एवढेच म्हणाला, "पाळ बाई तू, पण त्यातलं एकही अंडं मातीत जाऊ देऊ नकोस."

मला त्याचे म्हणणे पूर्णपणे पटते. म्हणून सहा अंडी ठेवून उरलेली १३७ मी आजच डब्यात बंद करून फ्रीजरमध्ये ठेवली. हे काम अंडी दिसताच करायचे असते, कारण आत जीव आकार घेऊ लागल्यावर ते करणे मला जमले नसते. दोन दिवसांनी डबा काढीन. लेक रडली. मी तिला समजावत बसले नाही, नुसती जवळ घेतले.

१४ जुलै

सहा अंडी झाकणाला भोके पाडलेल्या छोट्या डब्यात, खत न मिसळलेल्या ओलसर कोकोपीटखाली ठेवली आहेत. ओलावा मुठीत दाबल्यावर पाणी न गळण्याइतकाच हवा. चिखल झाला की अंडी कुजतात आणि कोरडे पडले की सुरकुततात. रात्रभर उघडे ठेवलेले पाणी मी दिवसातून एकदा शिंपडते आणि अंडी मुळीच हलवत नाही. मोठीसाठी काकडी, दोडक्याची साल आणि अंड्याच्या टरफलाची बारीक पूड कायम असते, कारण चुना मिळाला नाही तर तिचे कवच ठिसूळ होते. मिठाचा कणही जवळ येऊ देत नाही. पेटीला हात लागला की साबणाने हात धुणे हा घरातील पक्का नियम आहे. उंदरांच्या फुफ्फुसातील एक कृमी गोगलगायींतून माणसापर्यंत पोहोचू शकतो आणि त्याने मेंदूच्या आवरणाला सूज येते.

२६ जुलै

आज पहाटे डब्याच्या झाकणावर चार पिल्ले चिकटलेली दिसली. अंड्यातून ती बहुधा काही दिवसांपूर्वीच बाहेर पडली असावीत. बाहेर आल्यावर ती आपल्याच अंड्याचे कवच खात मातीखाली राहतात आणि मग वर येतात. भिंगाखाली पाहिले तर पारदर्शक शंखाच्या आत काहीतरी संथपणे फडफडत होते. लेक श्वास रोखून बराच वेळ ते पाहत राहिली. उरलेली दोन अजून खालीच आहेत, आणि मी उकरणार नाही.

दुपारी पेटीतून १० तारखेला काढलेले जुने कोकोपीट तुळशीच्या कुंडीत घालायला घेतले. तेव्हापासून ते पिशवीत बांधून फ्रीजरमध्येच ठेवले होते. वर्तमानपत्रावर पसरून चिमटीने चाळले, तेव्हा त्यात आणखी तीन अंडी निघाली.