पुन्हा पुशरॉडकडे : मोटो गुझ्झीची लोडोला

इटलीच्या दुचाकींपैकी आपल्या भागापर्यंत पोहोचल्या त्या स्कूटरी. व्हेस्पा बजाजच्या हातून आली, लॅम्ब्रेटा मुंबईच्या कारखान्यातून आली, आणि पुढे कितीतरी वर्षे तालुक्याच्या गावांत मास्तरांच्या व तलाठ्यांच्या दारांत त्या दिसत राहिल्या. त्याच देशातील हलक्या, एका सिलिंडरच्या, फोर-स्ट्रोक प्रवासी मोटारसायकली मात्र इकडे फिरकल्या नाहीत. वर्धा जिल्ह्यातील आर्वीच्या परिसरात राजदूत, येझदी आणि बुलेट यांच्यावरच आमच्या पिढीचे यंत्रज्ञान पोसले गेले. तरीही आराखडे आणि सुट्या भागांचे तक्ते पाहत बसण्याच्या छंदातून जी गाडी मला सर्वांत विचारपूर्वक घडवलेली वाटली, ती मोटो गुझ्झीची लोडोला. आणि तिच्यातही १९५९ साली आलेले २३५ सीसीचे 'ग्रान तुरिस्मो' हे रूप.

कोमो सरोवराच्या काठी मांडेल्लो देल लारिओ येथे १९२१ साली सुरू झालेल्या या कंपनीची ओळख आडव्या सिलिंडरची होती. इंजिन पुढच्या चाकाकडे तोंड करून सपाट झोपलेले, हेड (सिलिंडरचे व्हॉल्व्ह असलेले टोक) थेट वाऱ्यात आणि जड फ्लायव्हील इंजिनाच्या बाहेर गरगरणारे, अशी ती मांडणी होती. प्रवासाची ओढ या घराण्यात आधीपासूनच होती. संस्थापक कार्लो गुझ्झी यांचे बंधू ज्युसेप्पे यांनी मागच्या चाकाला स्प्रिंगची झोळ देणारी फ्रेम विकसित केली आणि १९२८ साली त्या गाडीवरून नॉर्वेच्या उत्तर टोकापर्यंत मजल मारली. मागचे सस्पेन्शन म्हणजे चैन, असे मानण्याचा तो काळ होता. आमच्याकडच्या पांदण रस्त्यांवरून कुणी असे मानणाऱ्यांना एकदा नेले असते, तर तो वाद तेव्हाच मिटला असता.

१९५६ साली आलेली लोडोला हे कार्लो गुझ्झी यांचे अखेरचे काम मानले जाते. तिचे सिलिंडर आडवे नव्हते, तर पंचेचाळीस अंशांत पुढे कललेले होते. पहिले इंजिन १७५ सीसीचे, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६२ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ५७.८ मिलिमीटर, म्हणजे स्ट्रोकपेक्षा बोअर मोठा. जुन्या बुलेट ३५० मध्ये हेच आकडे ७० आणि ९० होते. हा फरक नुसत्या आवाजाचा नाही. मिनिटाला सहा हजार फेऱ्या होत असताना लोडोलाच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेअकरा मीटरच्या आसपास राहतो. बुलेटचा पिस्टन चार हजार फेऱ्यांनाच बारा मीटरवर पोहोचतो. म्हणून लहान इंजिन उंच सुरात तासन्‌तास चालवले तरी त्याची झीज आवाक्यात राहू शकते, आणि गाडीचे वजन सुमारे ११० किलोच राहत असल्याने त्या इंजिनावर फार ओझेही पडत नाही.

या १७५ मध्ये व्हॉल्व्ह उघडणारी कॅमशाफ्ट हेडवर होती आणि तिला फिरवण्यासाठी टायमिंग चेन वरपर्यंत नेलेली होती. कागदावर हे सुंदर दिसते. आमच्या गावच्या मिस्त्रींना मी तो तक्ता दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून एवढेच विचारले, "सर, हे चेन एवढ्या वर कायले नेली? ताण गेला का टायमिंगच गेलं समजा." त्यांचा आक्षेप रास्त होता. चेन झिजून लांबते, ताण राखणारा भाग सैल पडतो, व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ किंचित मागे सरकते. आणि हेड उतरवायचे तर चेन सोडवून, खुणा जुळवून ती पुन्हा बसवावी लागते. शर्यतीच्या गाडीला हा जाच शोभतो, कारण तिचे इंजिन वरचेवर उघडले जाणारच असते.

ग्रान तुरिस्मो काढताना कंपनीने इंजिन २३५ सीसीपर्यंत वाढवले आणि कॅमशाफ्ट खाली आणून व्हॉल्व्ह पुशरॉडने, म्हणजे कॅमची हालचाल वर पोहोचवणाऱ्या लांब दांड्यांनी, चालवले. तांत्रिक इतिहास लिहिणारे असा बदल सहसा माघार म्हणून नोंदवतात. मला तो या गाडीच्या बाबतीतला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. वाढीव साठ सीसीमुळे कमी फेऱ्यांतच पुरेशी ओढ मिळणार असेल, तर उंच फेऱ्यांसाठी केलेली वरची व्यवस्था बाळगायची कशाला? प्रवासात टॅपेट (व्हॉल्व्हची मोकळीक) स्वतःच्या हाताने जुळवता येणे हे पाच-दहा किलोमीटरच्या जास्तीच्या वेगापेक्षा मोलाचे आहे. गाडी नाजूकही नव्हती. तिची खास रूपे सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय सहनशक्ती स्पर्धेत डोंगर-चिखलातून धावली.

आर्वीहून अमरावती, परतवाडा आणि धामणगाव गढीमार्गे चिखलदरा हा दीडशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता मी या गाडीला मनातल्या मनात नेमून दिला आहे. पोलंडच्या आराखड्यावर बनलेली आपली १७५ सीसीची राजदूत तो घाट चढते, पण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळत आणि मागे धूर सोडत चढते. उतारावर तिच्या टू-स्ट्रोक इंजिनाचा ब्रेकसारखा उपयोग जवळजवळ नाहीच. फोर-स्ट्रोक २३५ खालच्या गिअरमध्ये स्वतःच गाडीला धरून ठेवील. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना पुढे कललेल्या हेडला मिळणारा वाराही कामी येईल.

इटलीत मात्र या वर्गाच्या गाड्यांचे दिवस भरत आले होते. १९५७ साली फियाटची छोटी ५०० बाजारात आली आणि कुटुंब घेऊन फिरू इच्छिणारा माणूस चार चाकांकडे वळला. १९६४ साली मिलान ते नेपल्स हा द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि लहान इंजिनाने लांबचा प्रवास करण्याची कल्पनाच मागे पडली. १९६६ च्या सुमारास लोडोलाचे उत्पादन थांबले. पुशरॉड मात्र कंपनीने सोडला नाही. १९६० ची १२५ सीसीची स्तोर्नेल्लो पुशरॉडचीच होती, ज्युलिओ चेझारे कार्कानो यांचे व्ही-ट्विन इंजिन घेऊन १९६७ साली आलेली व्ही७ पुशरॉडचीच होती, आणि मांडेल्लोत आज बनणाऱ्या व्ही७ मध्येही व्ही आकारातल्या दोन्ही सिलिंडरांचे व्हॉल्व्ह पुशरॉडच उघडतात.