हा आकडा कोणी मोजला?

पुण्यात लष्करी विषयांवर बोलणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. दक्षिण कमांडचे मुख्यालय इथे आहे, खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग आहे, आणि निवृत्तीनंतर इथेच घर केलेले अधिकारी तर जवळजवळ प्रत्येक सोसायटीच्या नामफलकावर भेटतात. त्यामुळे एखाद्या व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांत 'अमुक संघर्षात इतकी माणसे मेली' किंवा 'शस्त्रआयातीत आपला क्रमांक इतकावा' अशी विधाने सहज केली जातात. ती सहसा खोटी नसतात. पण तो आकडा कोणत्या संस्थेने, कोणत्या व्याख्येने आणि कोणत्या साधनांवरून काढला हे सांगितले जात नाही, आणि ते कळल्याशिवाय त्या आकड्याचे नेमके काय करायचे हे निदान मला तरी उमगत नाही.

सुरुवात व्याख्येपासूनच करावी लागते. 'कोरिलेट्स ऑफ वॉर' हा प्रकल्प जे. डेव्हिड सिंगर यांनी १९६३ मध्ये मिशिगन विद्यापीठात सुरू केला. त्यात १८१६ पासूनची युद्धे नोंदलेली आहेत आणि रणांगणावर किमान १,००० मृत्यू ही युद्ध म्हणवून घेण्याची अट आहे. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचा संघर्षविषयक प्रकल्प मात्र एका वर्षात लढाईतले २५ मृत्यू झाले की 'सशस्त्र संघर्ष' अशी नोंद करतो, आणि १,००० चा टप्पा ओलांडला की त्यालाच युद्ध म्हणतो. ऑस्लोच्या 'प्रिओ' या शांतता संशोधन संस्थेबरोबर, म्हणजे १९५९ मध्ये योहान गाल्टुंग यांनी उभ्या केलेल्या संस्थेबरोबर, उप्सालाने नोंदींचा जो संयुक्त माहितीसंच केला आहे तो १९४६ पासूनचा आहे. उंबरठा २५ वर ठेवायचा की १,००० वर, या एका निर्णयाने जगात किती ठिकाणी लढाई चालू आहे याचे उत्तर पार बदलते, आणि वृत्तपत्रात 'जगातील संघर्ष वाढले' असा मथळा येतो तेव्हा त्यामागचा उंबरठा वाचकाला कधीच सांगितलेला नसतो.

कारगिलचे उदाहरण मला या बाबतीत फार बोलके वाटते. भारताने आपल्या ५२७ जवानांचे व अधिकाऱ्यांचे बलिदान अधिकृतपणे सांगितले. पाकिस्तानी लष्कराने अनेक वर्षांनी, २०१० मध्ये, आपल्या संकेतस्थळावर ४५३ जणांची नावे दिली. दोन्ही अधिकृत आकड्यांची बेरीज ९८० होते, म्हणजे हजाराला वीस कमी, आणि तरीही 'कोरिलेट्स ऑफ वॉर'च्या यादीत कारगिल हे दोन राष्ट्रांमधील युद्ध म्हणून समाविष्ट आहे. याचा अर्थ त्या यादीकर्त्यांनी दोन्ही सरकारांच्या अधिकृत शब्दापुरते स्वतःला बांधून घेतले नाही, आणि माझ्या मते ते योग्यच केले. शांतता आणि युद्ध यांच्या परस्परसंबंधांवरचे अनेक सिद्धान्त, विशेषतः 'लोकशाही राष्ट्रे एकमेकांशी लढत नाहीत' किंवा 'अण्वस्त्रधारी राष्ट्रे युद्ध करत नाहीत' हे, ज्या याद्यांवर तपासले जातात त्यांत कारगिल आहे की नाही याला केवढे महत्त्व आहे, हे वेगळे सांगायला नको.

दुसरा प्रश्न साधनांचा. उप्साला, संघर्षाच्या घटना नोंदणारा 'अॅक्लेड' हा प्रकल्प आणि दिल्लीचे साउथ एशिया टेररिझम पोर्टल या तिघांचाही मोठा आधार बातम्या हाच आहे. के. पी. एस. गिल यांनी स्थापलेल्या इन्स्टिट्यूट फॉर कॉन्फ्लिक्ट मॅनेजमेंटचे हे पोर्टल नागरिक, सुरक्षा दले आणि अतिरेकी अशी मृतांची विभागणी करते. क्लिओना रॅले यांनी सुरू केलेला 'अॅक्लेड' मृत्यूचा कोणताही उंबरठा ठेवत नाही आणि निदर्शने, दंगली, विनाजीवितहानीच्या चकमकीही टिपतो, म्हणून त्यात भारताच्या नोंदी प्रचंड दिसतात. त्यांचा अर्थ भारतात तितकी युद्धे चालू आहेत असा मुळीच नव्हे. समाजमाध्यमांवर फिरणारे लाल ठिपक्यांचे नकाशे पाहताना एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.

बातमीवर उभ्या असलेल्या नोंदीचे सामर्थ्य आणि दौर्बल्य आपल्याच राज्यात, गडचिरोलीत, पाहता येते. एप्रिल २०१८ मध्ये भामरागड तालुक्यातील कसनासूर–बोरियाच्या पोलीस–नक्षलवादी चकमकीनंतर मृतांचा पहिल्या दिवशीचा आकडा सोळाच्या आसपास होता. मग इंद्रावती नदीत मृतदेह सापडत गेले आणि काही दिवसांतच तो तिसाच्या वर पोहोचला. ज्याने पहिल्या दिवशीची बातमी नोंदवून फाइल बंद केली त्याच्याकडे एक आकडा, ज्याने आठवडाभर वाट पाहिली त्याच्याकडे दुसरा. त्यानंतर अधिक अवघड प्रश्न निघाला. मृतांपैकी काही जण गट्टेपल्ली गावचे तरुण होते, दलमचे, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकडीचे, सदस्य नव्हते, असा आक्षेप कुटुंबीयांनी आणि सत्यशोधन पथकांनी घेतला. पोलिसांची भूमिका वेगळी होती. आता तक्त्यात ही नावे 'अतिरेकी' या रकान्यात जायची की 'नागरिक' या, हा केवळ कारकुनी प्रश्न राहत नाही. उप्सालाची पद्धत मला इथे अधिक प्रामाणिक वाटते, कारण ते प्रत्येक घटनेला कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वाधिक संभाव्य असे तीन अंदाज देतात. दुर्दैवाने उद्धृत करणारे पहिल्या दोन रकान्यांकडे बघतही नाहीत.

काही पोकळ्या तर कोणत्याही व्याख्येने भरून निघत नाहीत. मेरीलँड विद्यापीठाचा जागतिक दहशतवादविषयक संच १९७० पासून सुरू होतो, पण त्यात १९९३ हे वर्ष जवळजवळ कोरे आहे, कारण मूळ नोंदी ठेवणाऱ्या खासगी कंपनीच्या कार्यालयाचे स्थलांतर होताना त्या वर्षाची कागदपत्रे गहाळ झाली. मुंबईचे साखळी बॉम्बस्फोट ज्या वर्षी झाले, नेमके तेच हे वर्ष. १९९३ मध्ये जगभर दहशतवाद थंडावला होता असा आलेख कोणी दाखवला, तर त्याला हे कारण सांगावे.

खर्चाच्या आणि शस्त्रांच्या आकड्यांबद्दल थोडक्यात लिहितो. स्टॉकहोमची 'सिप्री' ही संस्था १९६६ ची. तिच्या हिशेबाने २०२४ मध्ये भारताचा लष्करी खर्च सुमारे ८६ अब्ज डॉलर होता आणि भारत जगात पाचवा होता. आपल्या अर्थसंकल्पातील संरक्षण मंत्रालयाच्या तरतुदीशी हा आकडा जुळत नाही म्हणून काही जण संस्थेलाच दोष देतात. वास्तविक सिप्री भारताच्या खर्चात सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल अशा निमलष्करी दलांचाही समावेश करते, जो आपण गृहखात्यात धरतो. शस्त्रआयातीच्या तक्त्यात तर पैसे मोजलेलेच नसतात. शस्त्राच्या क्षमतेचे आणि उत्पादनखर्चाचे मिळून एक तुलनात्मक एकक वापरलेले असते. त्याला रुपयांत रूपांतरित करून बातमी लिहिणे निरर्थक आहे. लंडनच्या आंतरराष्ट्रीय सामरिक अध्ययन संस्थेचा 'मिलिटरी बॅलन्स' दरवर्षी रणगाडे, विमाने, पाणबुड्या मोजून देतो. त्यातले किती दुरुस्तीला पडून आहेत हे मात्र त्या संख्येत दिसत नाही.

भारतीय संस्थांत दिल्लीची संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्था यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, १९६५ मध्ये, उभी राहिली, आणि २०२० मध्ये तिला मनोहर पर्रीकरांचे नाव देण्यात आले. १८७० मध्ये सिमल्याला स्थापन झालेली युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन तिच्याहून कितीतरी जुनी. या संस्थांकडून धोरणात्मक विश्लेषण मुबलक मिळते, परंतु मूळ कागद पाहायला मिळणे ही आपली खरी अडचण आहे. १९६२ च्या पराभवाची कारणमीमांसा करणारा हेंडरसन ब्रूक्स–भगत अहवाल सरकारने आजही संपूर्णपणे खुला केलेला नाही. संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये युद्धांचे इतिहास पाच वर्षांत लिहून घ्यावेत आणि कागदपत्रे सामान्यतः २५ वर्षांनी खुली करावीत असे धोरण जाहीर केले. ते स्वागतार्ह आहे, मात्र त्याची परीक्षा अंमलबजावणीतच होईल.

मोजणीत सामान्य शिपाई गळतो, ही तक्रार नवी नाही. पानिपतानंतरच्या सावकारी पत्रात दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या हे नेमके सांगितले आहे, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची मात्र गणती नाही. खडकीच्या युद्धस्मशानभूमीची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाचे तत्त्व याच्या उलट आहे : हुद्दा कोणताही असो, प्रत्येक मृताचे नाव नोंदवायचे. तिथे दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ कबरी आहेत, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात मृत्यू पावलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांची नावे स्मारकावर आहेत. परंतु याच आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकशी अहवालात मान्य केले की पहिल्या महायुद्धातील किमान १,१६,००० जणांची, ज्यांत पूर्व आफ्रिका व इजिप्तमधील लोकांचा भरणा मोठा आहे, नावानिशी नोंद झालीच नाही आणि ही संख्या साडेतीन लाखांपर्यंतही असू शकते. इतका स्पष्ट कबुलीजबाब फार थोड्या संस्था देतात, आणि त्यामुळे त्यांच्या उरलेल्या नोंदींवरचा माझा विश्वास वाढलाच.

ज्यांना या विषयात स्वतः काम करायचे आहे त्यांच्यासाठी व्यवहारातली गोष्ट सांगतो. उप्साला आणि सिप्रीचे संच विनामूल्य उतरवून घेता येतात, 'अॅक्लेड'साठी नावनोंदणी करावी लागते, 'मिलिटरी बॅलन्स' महाग असल्याने तो ग्रंथालयातच पाहावा. प्रत्येक संचाबरोबर नियमपुस्तिका असते. तक्ता उघडण्याआधी ती वाचावी, कारण निम्म्याहून अधिक शंका तिथेच मिटतात. आणि हे संच दरवर्षी मागच्या वर्षांच्या नोंदींसकट दुरुस्त होत असल्याने प्रबंधात नुसते 'उप्साला' असे न लिहिता २४.१ की २५.१ ही आवृत्ती आणि ती उतरवून घेतल्याची तारीख लिहावी, नाहीतर पुढच्या वर्षी तुमचाच तक्ता तुम्हाला पुन्हा जुळवता येणार नाही.